भंगारातले पिचर: स्वस्तात उचलले आणि सोनं निघाले (किंवा नाही निघाले)

पिट्सबर्गचा_पाटील

नमस्कार मंडळी, क्रीडा विभागात सगळे क्रिकेटचेच धागे दिसतायत म्हणून भीत भीत बेसबॉलचा काढतोय. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी पण वाचा, अडलं तर विचारा, इथे शिकागो-न्यूजर्सीवाले बरेच आहेत ते सांगतील (आणि भांडतील).

झालं असं की गेल्या मार्चमधे मुलाला घेऊन फ्लोरिडात ब्रेडंटनला गेलो होतो, आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सचं स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) तिथे असतं. सकाळी मागच्या मैदानाच्या जाळीला चिकटून उभे होतो तर एक पिचर (आपल्याकडचा बोलर म्हणा) एकटाच टाकत होता, पाठीवर ८७ नंबर, नाव नाही. तिशी उलटलेला, दाढीत दोन-चार पांढरे केस. मागे ट्रायपॉडवर कॅमेरा आणि कोचच्या हातात टॅब्लेट. प्रत्येक बॉल टाकला की हा पठ्ठ्या वळून टॅब्लेट बघणार, कोच दोन बोटं वाकवून काहीतरी दाखवणार, की परत तोच बॉल. वीस-बावीस टाकले त्यात फास्टबॉल जेमतेम पाच असतील, बाकी सगळे स्लायडर (आडवा वळणारा बॉल). शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले "एनआरआय आहे". मी दचकलोच, म्हटलं हा कुठून आपल्यातला! तर नॉन-रोस्टर इन्व्हायटी. म्हणजे टीमच्या ४० जणांच्या यादीत नाव नाही, करार मायनर लीगचा (मेजर लीगच्या खालची पायरी), पण कॅम्पला ये, टाकून दाखव, पटलास तर वर घेऊ. नाही पटला तर मार्च संपायच्या आत नारळ.

जाताना त्याने मुलाला बॉलवर सही करून दिली. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, कारण आमच्या पिट्सबर्गने तर एके काळी याच धंद्यावर घर चालवलं. १९९३ ते २०१२ सलग २० सीझन आम्ही जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त. पैसा नाही, मोठे फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) आमच्याकडे येत नाहीत. मग काय केलं, तर ज्यांना बाकीच्यांनी सोडलं ते उचलायचे. बर्नेटला २०१२ मधे यांकीजकडून आणला, त्याचे ३ कोटी ३० लाख डॉलर द्यायचे राहिले होते त्यातले २ कोटी यांकीजनेच भरले! नंतर लिरियानो. २०१२ मधला त्याचा ईआरए ५.३४. दोन वर्षांचे १ कोटी २७ लाख ५० हजार ठरले आणि कागद पक्का व्हायच्या आत ख्रिसमसला पोरांना भो करायला म्हणून दारावर हात आपटला आणि उजवा हात मोडून घेतला. (टाकतो डाव्याने, नशीब आमचं.) मग करार नव्याने लिहिला, पक्के फक्त १० लाख, पुढचे जसा खेळशील तसे. तर तो गडी २०१३ मधे १६-८ (१६ विजय, ८ पराभव), ईआरए ३.०२.

आणि १ ऑक्टोबर २०१३ ची ती वाइल्ड कार्डची मॅच (हरला तो बाहेर), रेड्सविरुद्ध. मी होतो तिथे. १९९२ नंतर गावात पहिली पोस्टसीझनची मॅच, सगळं स्टेडियम काळे कपडे घालून. रेड्सचा क्वेटो टाकत होता आणि लोक त्याचं नाव लांबवून ओरडायला लागले, क्वेsss टो, क्वेsss टो, आणि त्याच्या हातातून बॉल सुटून खाली पडला. खोटं नाही सांगत. आणि पुढच्याच बॉलवर आमच्या रसेल मार्टिनचा होमरन! पण त्या रात्री खरं काम लिरियानोचं, सात इनिंगमधे एक रन.

मला काय म्हणायचंय तर, टीम अशा माणसाचा मागचा रिझल्ट विकत घेतच नाही. त्याच्याकडे एखादा बॉल चांगला असतो, तेवढाच विकत घेते. बाकीचं त्याला विसरायला लावायचं. आमचे कोच रे सिअरेज हेच करायचे, सिंकर (शेवटी खाली बसणारा बॉल) खाली टाक, बॅट्समनला जमिनीवर मारू दे, फील्डर आम्ही बरोबर जागी उभे करतो, आणि मागे मार्टिनसारखा कॅचर जो काठावरचा बॉल अलगद धरून स्ट्राइक करून घेतो. एडिन्सन वोल्केझ तसाच, २०१३ मधे ५.७१, पाद्रेजनी सीझन संपायच्या आत सोडला, आम्ही एका वर्षाला ५० लाखात घेतला आणि ३.०४ काढला.

तुमच्या टीमचे सांगा.

ठाणेकर_७

भाबडा प्रश्न: ईआरए म्हणजे काय? कमी चांगला की जास्त?

आकडेमोड्या

@ठाणेकर_७ पिचरने नऊ इनिंगमागे सरासरी किती रन दिले ते, फील्डरच्या चुकीमुळे झालेले सोडून. कमी तितका चांगला. ३ च्या आसपास असेल तर खुशाल मोठा करार मागा, ५ च्या वर गेला की एजंट फोन उचलायला वेळ लावतो.

शिकागोची_सई

पाटीलसाहेब धागा मस्त पण ॲरिएटाचं नाव नाही म्हणजे पुरणपोळी आहे आणि तूप नाही!

ही गोष्ट दोन टप्प्यात आहे आणि दोन्ही टप्पे स्वस्तातले. आमचे शिकागो कब्स तेव्हा मुद्दाम हरत होते असं आम्ही म्हणायचो, २०१३ मधे ९६ मॅच हरलो. टीम बांधणारे आमचे साहेब एपस्टीन आणि हॉयर, त्यांचा फॉर्म्युला असा की ज्याचं वर्ष वाईट गेलंय किंवा दुखापतीतून उठलाय अशाला एका वर्षासाठी घ्यायचा, एप्रिल ते जून चांगला टाकला तर जुलैमधे प्लेऑफच्या मागे लागलेल्या टीमला विकायचा. नाही टाकला तर नाही टाकला, तसंही आपण हरतोच आहोत. स्कॉट फेल्डमनला ६० लाखात घेतलं, ३.४६ ने टाकला, २ जुलै २०१३ ला ओरिओल्सना दिला. एक बॅकअप कॅचर पण दिला त्याच्याबरोबर. बदल्यात आले पेड्रो स्ट्रोप आणि जेक ॲरिएटा. ॲरिएटाचा त्या वर्षीचा ईआरए ७.२३!! ओरिओल्सनी त्याला मायनरमधे पाठवलेलं, २७ वर्षांचा, सगळे म्हणायचे हात सोन्याचा पण डोकं चालत नाही.

डोकं चालत होतं हो. त्याची टाकायची पद्धत तिरकी, पाय तिसऱ्या बेसच्या बाजूला टाकून शरीराच्या आडून बॉल काढायचा. ओरिओल्सनी ते सरळ करायला लावलं, कब्सचा पिचिंग कोच बॉसिओने सांगितलं तुला जसं येतं तसं टाक. झालं. २०१५ मधे २२-६, ईआरए १.७७, साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं), ऑल-स्टारनंतरच्या अर्ध्या सीझनमधे ०.७५, ऑगस्टमधे डॉजर्सविरुद्ध नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही). आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमधे दुसरी आणि सहावी मॅच त्याने जिंकून दिली, १०८ वर्षांनी कप आला. माझे सासरे तेव्हा पुण्याहून आले होते, त्यांना नियम एक कळत नव्हता पण सातव्या मॅचला पाऊस आला तेव्हा देवापाशी निरांजन लावून बसले.

तर मुद्दा असा की दरवेळी नवीन काही शिकवायचंच असतं असं नाही, कधी कधी आधीच्यांनी शिकवलेलं काढून घ्यायचं असतं.

यांकीनारायण

बर्नेटचे पैसे आम्ही भरले हे आठवून दिल्याबद्दल आभार :(

पण आमचंही २०११ बघा. बार्टोलो कोलोन, २०१० मधे मेजरमधे एक बॉल टाकला नव्हता. फ्रेडी गार्सिया, संपला संपला म्हणत होते. दोघांना मायनर लीगच्या करारावर बोलावलं. गार्सिया १२-८, ३.६२, कोलोन ८-१० पण ईआरए ४.००, आणि आम्ही डिव्हिजन जिंकली. कोलोन नंतर २०१८ पर्यंत टाकत राहिला, एकूण २४७ विजय. ते पोट घेऊन. (२०१२ मधे ५० मॅचची बंदी लागली ते पण सांगतो, नाहीतर कुणीतरी येईलच सांगायला.)

श्रीमंत टीम पण हे करतात एवढंच सांगायचं होतं.

ठाणेकर_७

@आकडेमोड्या धन्यवाद. म्हणजे हे आयपीएलच्या मोहित शर्मासारखंच झालं की! २०२२ मधे गुजरातने नेट बोलर म्हणून ठेवला होता, २०२३ ला ५० लाख बेस प्राइसला घेतला आणि २७ विकेट. आणि फायनलला जडेजाने शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारली ते वेगळं.

आपल्या मुंबईचा प्रवीण तांबे पण आहेच, ४१ व्या वर्षी राजस्थानने खेळवला, त्याआधी एक रणजी मॅच नाही.

बंड्या_बॅकफूट

२० वर्षं सलग हरायचं आणि तरी तिकीट काढून जायचं, पाटील तुम्हाला _/\_

आकडेमोड्या

आता मी थोडी काडी टाकतो.

इथे सगळे लागलेल्या लॉटरीची तिकिटं दाखवतायत. न लागलेली कोण जपून ठेवतं? ओरिओल्सनी २०२१ मधे मॅट हार्वीला असाच मायनरच्या करारावर आणला. एके काळी मेट्सचा हिरो. ६-१४, ६.२७. टिम लिन्सेकम, दोन साय यंगवाला, २०१८ ला रेंजर्सनी १० लाखात घेतला, मेजरमधे एक बॉल टाकला नाही. कब्सनीच २०१७ मधे ब्रेट अँडरसनला ३५ लाखात घेतला, ८.१८ आणि घरी. सईताई हे नाव विसरल्या वाटतं ;)

आणि अशा करारात "रिस्क नाही" असं म्हणतात हे पण अर्धवट आहे. पैसे कमी जातात मान्य, पण एकावेळी २६ जणच रोस्टरवर. पडेल माणसाला सहा स्टार्ट (सुरुवातीपासून टाकायच्या मॅच) दिलेत म्हणजे त्या सहा स्टार्ट एखाद्या २३ वर्षांच्या पोराच्या गेल्या. ११० मॅच हरणाऱ्या ओरिओल्सना ते परवडतं (त्या वर्षी बरोबर ११० हरले), प्लेऑफच्या काठावरच्या टीमला एक हरलेली मॅच पण महाग.

तिसरं, पाटीलसाहेबांसाठी खास. तुमच्या सिअरेजचा सिंकर सगळ्यांना लागू पडला का? गेरिट कोल तुमच्याकडे २०१७ मधे ४.२६. ह्यूस्टनने नेला, सिंकर बंद करायला लावला, फास्टबॉल वर टाक म्हणाले, २०१८ मधे २.८८, २०१९ मधे ३२६ स्ट्राइकआउट. चार्ली मॉर्टन तुमच्याकडे सात वर्षं होता, ह्यूस्टनला जाऊन २०१७ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचच्या शेवटच्या चार इनिंग टाकून आला. ग्लासनाऊ पण तुमचाच, टँपाला देऊन टाकलात आणि तिथे चमकला. म्हणजे दुसऱ्याचं भंगार घेऊन सोनं करताना घरातलं सोनं भंगाराच्या भावात गेलं. एकच काढा सगळ्या रोगांवर. सिअरेजना २०१९ मधे काढलं ते उगाच नाही.

पिट्सबर्गचा_पाटील

ग्लासनाऊचं नाव काढायला नको होतं. जेवण गेलं नाही आज.

तरी बरोबर आहे तुमचं. पण हे माझंच म्हणणं झालं ना, कोलकडचा चांगला बॉल कुठला ते आम्हाला दिसलं नाही, ह्यूस्टनला दिसलं. त्यांनी तर कॉलिन मॅकह्यूला २०१३ च्या डिसेंबरमधे वेव्हरवर उचलला (म्हणजे दुसऱ्या टीमने यादीतून काढलेला फुकटात घेतला), रॉकीजकडे ईआरए दहाच्या घरात होता हो, यांनी काय बघितलं तर कर्व्हबॉल फिरतो किती वेगाने. दुसऱ्या वर्षी २.७३, तिसऱ्या वर्षी १९ विजय.

फिली_फणसे

आमच्या फिलाडेल्फियाचा जेफ हॉफमन घ्या. २०२३ च्या मार्चअखेर ट्विन्सनी सोडला, आम्ही मायनरवर घेतला. एप्रिलमधे ब्राइस हार्पर ऑपरेशननंतर परत येत होता, त्याला सरावाला खरा पिचर हवा म्हणून हॉफमनला बोलावलं. हार्परला त्याचे बॉल दिसेचनात. मेमधे वर घेतला, त्या वर्षी २.४१, पुढच्या वर्षी २.१७ आणि ऑल-स्टार. मग टोरंटोने ३ वर्षांचे ३ कोटी ३० लाख दिले.

आणि मग २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, हॉफमन टाकतोय. नववी इनिंग, टोरंटो ४-३ ने पुढे, एक आउट झालेला, कप दोन आउटवर. समोर मिगेल रोहास, नवव्या नंबरचा बॅट्समन. होमरन. ४-४. अकराव्या इनिंगमधे डॉजर्स जिंकले. मी टोरंटोवाला नाही पण टीव्ही बंद करून अंधारात बसलो होतो.

मावशी_बोलतेय

मी इथे सहसा पाककृतींच्या बाजूला असते, मुलाने लिंक पाठवली म्हणून आले. दोन गोष्टी.

एक, ते "भंगार" बदला. माणसं आहेत.

दुसरी जरा मोठी. आम्ही न्यूजर्सीत, इथे इंडिपेंडंट लीगच्या टीम असतात, म्हणजे मेजरशी काही संबंध नाही, ज्यांना सगळ्यांनी सोडलंय ते तिथे खेळतात. पगार इतका कमी की राहायला जागा परवडत नाही, मग गावातली कुटुंबं उन्हाळ्यापुरतं एकेकाला घरात ठेवून घेतात. एका वर्षी आमच्याकडे एक पिचर होता. नाव सांगत नाही. तीन वेगवेगळ्या टीमनी सोडलेला, खांद्याचं ऑपरेशन झालेलं, गावाकडे बायको आणि वर्षाची मुलगी. सकाळी पोहे खायचा, त्याला फार आवडायचे, शेंगदाणे वेचून आधी खायचा. पण फोन ताटाशेजारी, स्क्रीन वर करून. वाजला की हातातला चमचा खाली. बहुतेक वेळा बायकोचा असायचा नाहीतर बँकेचा. संपूर्ण उन्हाळा तो फोन मी बघितलाय, त्यामुळे "लो रिस्क" ऐकलं की मी विचारते, कुणाला? टीमला १० लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च. याचं सगळं आयुष्य त्या वीस बॉलवर.

तो मला रिच हिलची गोष्ट सांगायचा, रोज म्हटलं तरी चालेल, आपल्याकडे हरिपाठ म्हणतात तशी. २०१५ मधे नॅशनल्सनी मायनरमधून सोडलं, वय ३५, लाँग आयलंड डक्सकडे दोन मॅच टाकल्या. रेड सॉक्सने ऑगस्टमधे घेतला, तिथे ब्रायन बॅनिस्टर नावाचा माणूस म्हणाला तुझा कर्व्ह इतका चांगला आहे तर तोच का नाही टाकत सारखा? सप्टेंबरमधे वर बोलावला. २००९ नंतर पहिली स्टार्ट, टँपाला, ७ इनिंग, एक हिट, १० स्ट्राइकआउट. चार स्टार्टमधे १.५५. ओकलंडने ६० लाख दिले, आणि २०१६ च्या डिसेंबरमधे डॉजर्सनी ३ वर्षांचे ४ कोटी ८० लाख. आकडे मला आजही पाठ आहेत बघा. आमच्या पाहुण्याला फोन आला नाही. सप्टेंबरमधे गाडीत सामान भरून गेला, जाताना पोह्यांचं पाकीट आणि फोडणीचं लिहून घेतलं.

शिकागोची_सई

मावशी _/\_ वाचून काय लिहावं कळेना.

आकडेमोड्या

मावशी, मान्य. एक नाव मी पण जोडतो, ऑलिव्हर ड्रेक. २०१८ या एका सीझनमधे पाच टीम: ब्रूअर्स, क्लीव्हलँड, एंजल्स, ब्लू जेज, ट्विन्स. रेकॉर्ड आहे तो. प्रत्येक वेळी टीमने रोस्टरवरून काढलं की सात दिवसांत ट्रेड नाहीतर वेव्हर, तेवढे दिवस माणूस हॉटेलात बसून, कुठल्या गावाचं तिकीट येतंय बघत. पुढच्या वर्षी रेजकडे ३.२१ ने टाकला. म्हणजे बॉल आधीही चांगलाच होता, पाच गावांना धीर नव्हता.

गिरगावकर

आर. ए. डिकीचा उल्लेख राहिला का? त्याच्या उजव्या कोपरात तो मुख्य लिगामेंटच नाही. १९९६ ला रेंजर्सनी ८ लाख १० हजार डॉलर कबूल केले होते, तपासणीत ते कळल्यावर ७५ हजारांवर आणले. २००६ मधे नकलबॉल टाकायला लागल्यावर पहिल्याच स्टार्टला सहा होमरन खाल्ले आणि परत मायनरमधे. २०१० ला मेट्सनी मायनरच्या करारावर घेतला, २०१२ मधे २०-६ आणि साय यंग. नकलबॉल टाकणाऱ्याला तो अवॉर्ड मिळायची ती एकमेव वेळ. (नकलबॉल म्हणजे बॉल फिरवायचाच नाही, वाऱ्यावर सोडायचा, कुठे जाईल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नाही.)

हे इथे लिहायचं कारण वेगळं. २०१२ च्या जानेवारीत तो किलीमांजारो चढला तो आपल्या मुंबईतल्या बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेसाठी पैसे जमवायला, कामाठीपुऱ्यातल्या बायकामुलींसाठी काम करते ती. पुढच्या जानेवारीत मुलींना घेऊन स्वतः आला होता मुंबईत. साय यंग जिंकलेला माणूस आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर येऊन गेला आणि आम्हाला पत्ता नाही, आम्ही तेव्हा रणजी फायनलच्या गप्पा मारत असू.

बंड्या_बॅकफूट

सही केली त्या ८७ नंबरवाल्याचं पुढे काय झालं? आणि एनआरआय शब्द मला फार आवडलाय, इथले निम्मे आयडी नॉन-रोस्टरच आहेत.

यांकीनारायण

तो एनआरआय नसणार. एनआरआय असला तर पाठीवर नाव असतं आणि यादीत नंबर सापडतो. मागच्या मैदानावर, नाव नाही, म्हणजे मायनर कॅम्पचा. तिथे एकाच नंबरचे दोन-दोन पण असतात. एनआरआयच्याही एक पायरी खाली.

पिट्सबर्गचा_पाटील

नारायणराव बरोबर. मी घरी येऊन शोधलं होतं, मेजरच्या कॅम्पच्या यादीत ८७ नव्हताच. मार्चअखेर मायनरचे बरेच जण सोडल्याची यादी आली, त्यात चार पिचर तिशीच्या पुढचे, त्यातला तो असेल किंवा नसेलही.

मावशी, शीर्षक बदलायची विनंती ॲडमिनला केलीय, आता माझ्या हातात नाही.

बॉल मुलाच्या टेबलावर आहे. सही निळ्या शाईची, त्या दिवशी ऊन आणि घाम, मुलाने मुठीत धरून ठेवला दिवसभर, त्यामुळे अर्धी पुसलीय. पहिलं अक्षर जे किंवा टी, मधे एक उंच रेघ, शेवटी शेपूट. फोटो टाकू का, कुणाला वाचता आली तर बघा.

मावशी_बोलतेय

टाका. उजेडात काढा फोटो, दिव्याखाली नको.